पाण्याचा प्रश्न मुलांनी कसा विचारावा

आठवी-नववीच्या कुठल्याही वर्गात जाऊन विचारा, "गावातली कोणती गोष्ट तपासावीशी वाटते?" पाच मिनिटांत फळा भरतो. रस्ते खराब का? पाणी वेळेवर का येत नाही? कचरा का उचलत नाहीत? पैसा जातो कुठे? भ्रष्टाचार का होतो? मुलांची तळमळ खरी असते आणि तक्रारीही बहुतेक खऱ्याच असतात. अडचण एवढीच की यातला एकही प्रश्न घेऊन उद्या सकाळी दप्तर, टेप आणि वही घेऊन बाहेर पडता येत नाही. जायचे कुठे, मोजायचे काय आणि उत्तर मिळाले हे ओळखायचे कसे, यातले काहीच त्या प्रश्नात नसते.

दोष मुलांचा नाही. आपल्याकडे प्रश्न हा वरून येतो. तो बोर्ड काढते, उत्तर गाइडमध्ये असते आणि मार्चच्या आधी अपेक्षित प्रश्नसंच घोकायचा असतो. ज्याचे उत्तर बाईंनाही माहीत नाही असा प्रश्न स्वतः तयार करण्याची वेळ दहावीपर्यंत क्वचितच येते. लोकदेखरेखीत नेमके तेच करावे लागते.

लोकदेखरेख म्हणजे काय, ते आधी साध्या शब्दांत. सरकारने किंवा ग्रामपंचायतीने एखादी गोष्ट देण्याचे ठरवलेले असते, तिच्यासाठी पैसे आलेले असतात. ती ठरल्याप्रमाणे मिळते का, हे लोकांनी स्वतः पाहायचे, नोंदवायचे आणि ती नोंद संबंधितांसमोर ठेवायची. ही तक्रार नव्हे. तक्रार करणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असते, देखरेख करणाऱ्याला ते माहीत नसते. हा फरक मुलांना सांगून कळत नाही, एखादा प्रश्न त्यांच्यासमोर सोलून दाखवावा लागतो. इथे पाण्याचा घेऊ, कारण तो फळ्यावर हमखास असतो.

"आमच्या गावात पाणी नीट येत नाही." या वाक्यातला 'नीट' शब्द धरायचा आणि वर्गाला विचारायचे, नीट म्हणजे काय? कोणी म्हणते कमी येते. कोणी म्हणते दिवसाआड येते. कोणाच्या घरी येते पण गढूळ येते. वरच्या आळीतली मुलगी सांगते की आमच्याकडे धारच लागत नाही. म्हणजे एका प्रश्नात चार प्रश्न दडलेले निघाले: किती, केव्हा, कसे आणि कोणाला. चारही एकदम घेतले तर एकही धड होणार नाही. वर्गाला एक निवडायला लावायचे. या निवडीवर मुले भांडतात, आणि त्यांना भांडू द्यावे.

समजा 'किती' निवडला. आता मोजपट्टी शोधायची. किती म्हणजे कशाच्या तुलनेत? १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण धरलेले आहे. पाच माणसांच्या घराला रोज २७५ लिटर. एवढे हाती आले की प्रश्नाला हाडे येतात, कारण आता मोजता येते. पंधरा लिटरची बादली नळाखाली ठेवायची आणि मोबाइलवर वेळ लावायची. बादली दीड मिनिटात भरली तर मिनिटाला दहा लिटर पाणी येते. २७५ लिटरला साडेसत्तावीस मिनिटे लागतील. नळ चाळीस मिनिटे चालत असेल तर त्या घराला पुरेसे पाणी मिळते, वीसच मिनिटे चालत असेल तर नाही. पाणी दिवसाआड येत असेल तर एका खेपेला ५५० लिटर यायला हवे, म्हणजे पंचावन्न मिनिटे. गणित पाचवीचे आहे. पण "पाणी कमी येते" आणि "आमच्या आळीत माणशी ५५ ऐवजी ३२ लिटर येते" या दोन वाक्यांकडे ग्रामपंचायत सारख्याच नजरेने पाहत नाही.

बादली घेऊन निघण्याआधी आणखी एक गोष्ट ठरवायची: कोणाच्या नळाखाली? मुले साहजिकच मित्रांच्या घरी जातात, आणि मित्र बहुधा एकाच आळीतले असतात. टाकीच्या पायथ्याशी असलेल्या घरात धार जोरात असते, पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला ती करंगळीएवढी उरते. मधल्या दोन-चार घरांनी नळाला टिल्लू पंप जोडला असेल तर पुढे पाणीच सरकत नाही. म्हणून टाकीजवळची काही घरे, मधली काही आणि टोकाची काही असे आधी कागदावर ठरवायचे आणि त्यातून घरे चिठ्ठ्या टाकून काढायची. ज्या वस्तीत लाइनच गेलेली नाही ती वस्तीही यादीत हवी. नळ मोजायला निघालेल्या मुलांच्या नजरेतून नळ नसलेली घरे सहज निसटतात. गावागावांत ती वस्ती कोणाची असते हे वेगळे सांगायला नको.

घरच्यांना काय विचारायचे, यातही खाचाखोचा आहेत. "काकू, पाणी वेळेवर येत नाही ना?" या प्रश्नात उत्तर आधीच भरलेले आहे. काकू हो म्हणणार, कारण पोराला बरे वाटावे. "साधारण किती वेळ पाणी येते?" हा त्यापेक्षा बरा, पण 'साधारण' विचारले की लोक अंदाज सांगतात आणि राग असेल तर अंदाज खाली घसरतो. "काल नळ किती वाजता आला आणि किती वाजता गेला?" हे विचारा. काल लोकांच्या लक्षात असतो. आठवडाभर रोज हाच प्रश्न विचारला की सरासरी आपोआप मिळते, ती कोणाकडे मागावी लागत नाही.

मोजून झाले आणि माणशी साठ लिटर निघाले तर? वर्गाचे तोंड पडते. आपण काही पकडायला निघालो होतो आणि काहीच सापडले नाही, असे त्यांना वाटते. माझ्या मते शिकवण्याची सगळ्यात मोलाची वेळ हीच. ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्या मनाविरुद्ध येऊच शकत नाही तो देखरेखीचा प्रश्न नव्हे, ती घोषणा आहे. साठ लिटर आले तर तसे लिहायचे, ग्रामपंचायतीला कळवायचे, आणि मग विचारायचे की पाणी पुरेसे असूनही लोक नाराज का आहेत? कदाचित नळ पहाटे चारला येत असेल आणि बायकांना तेव्हा उठावे लागत असेल. मग प्रश्न 'किती'चा नव्हता, 'केव्हा'चा होता. चुकीचा प्रश्न निवडला गेला हे मोजल्याशिवाय कळले नसते.

काही प्रश्नांचे उत्तर मुलांच्या हातात मावत नाही. "पाणी शुद्ध आहे का?" हा त्यातला. फ्लोराइड, नायट्रेट, जंतू हे डोळ्यांना दिसत नाहीत, आणि काचेच्या ग्लासात पाणी धरून "स्वच्छ दिसते" असे लिहिण्यात काही अर्थ नाही. इथे स्वतः मोजण्याचा हट्ट सोडायचा आणि ज्यांनी मोजले असायला हवे त्यांच्याकडे कागद मागायचा. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पाणीस्रोतांची वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, स्वच्छता पाहणी होते आणि जोखमीप्रमाणे लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. गावातल्या बहुतेकांना आपल्या कार्डाचा रंग माहीत नसतो. "आपल्या ग्रामपंचायतीला गेल्या पाहणीत कोणत्या रंगाचे कार्ड मिळाले आणि त्या तपासणीची प्रत मिळेल का?" या प्रश्नात जोर नाही, आवेश नाही, पण उत्तर टाळायला जागाही नाही. कार्ड पिवळे निघाले तर त्यामागची कारणे पाहणीच्या कागदावरच असतात: विहिरीला कठडा नाही, गटार जवळून जाते, टीसीएलचा साठा नाही. मुलांच्या पुढच्या प्रश्नांची यादी तिथेच तयार मिळते.

टीसीएल म्हणजे टाकीत टाकायची ब्लीचिंग पावडर. ती टाकली गेली का हे ओटी टेस्टने कळते. पाण्याच्या नमुन्यात थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. थेंबांचे रसायन मुलांच्या हाती देण्यासारखे नाही, जलसुरक्षक (गावाच्या पाण्याची देखभाल करणारा माणूस) किंवा आरोग्य कर्मचारी चाचणी करतात तेव्हा मुलांनी शेजारी उभे राहून पाहावे आणि रंग नोंदवावा. नळाच्या टोकाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा असे प्रमाण आहे. पुन्हा तीच गोष्ट, टाकीपाशी पिवळा रंग आला म्हणून खूश व्हायचे नाही, शेवटच्या घरातला नमुना घ्यायचा.

इथे एक धोका आहे आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. टीसीएल पडली नाही असे निघाले की बोट सरळ जलसुरक्षकाकडे जाते. हा गावातलाच माणूस, तुटपुंज्या मानधनावर काम करणारा. मुलांचा अहवाल ग्रामसभेत वाचला गेला की सगळे त्याच्यावर घसरतात आणि बाकीचे सुटतात. म्हणून प्रश्न निवडताना एक पायरी वर चढायला शिकवायचे. पावडर टाकली का, हे विचारण्याबरोबरच पावडर विकत घेतली होती का, केव्हा आणि किती, हे विचारायचे. साठा नोंदवही काय म्हणते? नळ बंद राहिला तर वीजबिल थकल्यामुळे पंप बंद होता का? ती थकबाकी किती महिन्यांची? पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग बंधित होता, निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. त्यातला पाण्याचा पैसा कोणत्या कामांवर गेला, हा प्रश्न ग्रामपंचायतीच्या दप्तरापर्यंत पोचतो. शाळेतली खिचडी पातळ असेल तर स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या आधी धान्याच्या नोंदी पाहायच्या, हेही तेच.

शालेय पोषण आहाराचा विषय निघालाच आहे तर त्यातला एक प्रश्न मला फार आवडतो. "जेवण चांगले असते का?" हा नव्हे, त्याची उत्तरे चवीनुसार बदलतात. "गेल्या महिन्यात शाळा भरली पण जेवण शिजले नाही असे किती दिवस झाले?" केंद्राच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे धान्य, इंधन किंवा स्वयंपाकी नसल्यामुळे जेवण मिळाले नाही तर मुलाला त्या दिवसाचा अन्नसुरक्षा भत्ता मिळायला हवा, आणि सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस असे झाले तर राज्याने जबाबदारी निश्चित करायला हवी. मुले रोज शाळेतच असतात, कॅलेंडरवर फुली मारली की झाले. एवढा स्वस्त आणि एवढा टोकदार प्रश्न शोधून सापडायचा नाही.

आता 'का' या शब्दाबद्दल. मुलांच्या फळ्यावर सगळ्यात जास्त तोच असतो, आणि माहिती अधिकारात सगळ्यात कमी उपयोगी तोच पडतो. २००५ च्या कायद्यात 'माहिती' म्हणजे कुठल्या ना कुठल्या स्वरूपात नोंदलेले, साठवलेले काहीतरी: कागद, आदेश, अहवाल, नमुना, संगणकातली नोंद. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये स्पष्ट केले की 'का' या प्रश्नाचे उत्तर, म्हणजे एखाद्या गोष्टीचे समर्थन, या व्याख्येत बसत नाही. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले की कार्यालयाकडे जी माहिती आहे ती द्यायची, नसलेली तयार करून द्यायची नाही. म्हणून "रस्त्याचे काम अर्धवट का सोडले?" असा अर्ज गेला की "सदर प्रश्न माहितीच्या व्याख्येत येत नाही" असे उत्तर येते, आणि मुलांना वाटते की सरकार काही सांगतच नाही.

वाईट वाटून घ्यायचे कारण नाही. 'का' कागदात उतरवता येतो. निर्णय झाला असेल तर फायलीवर टिप्पणी असते, तिची प्रत मागता येते. त्या अर्धवट रस्त्याचा कार्यादेश मागायचा, त्यात काम संपवण्याची तारीख असते. मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे कार्यालयात जिला सगळे एमबी म्हणतात तिची, प्रत मागायची. तिच्यात किती मीटर काम झाल्याचे लिहून पैसे दिले ते असते. ठेकेदाराला मुदतवाढ दिली असेल तर त्या पत्राची प्रत. आणि दोष दायित्वाचा कालावधी कधी संपतो ते. त्या मुदतीत खड्डा पडला तर बुजवण्याचा खर्च ठेकेदाराचा असतो. मग टेप घेऊन रस्त्यावर जायचे आणि एमबीतले मीटर रस्त्यावरच्या मीटरशी ताडून पाहायचे. 'का'चे उत्तर बहुधा या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत सापडते.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावरचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. मोठ्या माणसांना ही अट जाचते, पण वर्गात ती वरदान ठरते. दीडशे शब्दांत गावाचा इतिहास, सरपंचांचा स्वभाव आणि आपला संताप बसत नाही. फक्त प्रश्न बसतो. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तोही नाही. माहिती कशाला हवी हे सांगावे लागत नाही. आणि कायद्यात वयाची अट नाही, 'नागरिक' एवढेच म्हटले आहे.

लखनौच्या एका शाळकरी मुलीने २०१२ मध्ये असाच अर्ज केला होता. गांधीजींना राष्ट्रपिता का म्हणतात, असे तिने विचारले नाही. ज्या आदेशाने त्यांना राष्ट्रपिता घोषित केले त्या आदेशाची छायाप्रत तिने मागितली. अर्ज पंतप्रधान कार्यालयातून गृह मंत्रालयाकडे आणि तिथून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे गेला, आणि शेवटी उत्तर आले की असा कोणताही दस्तऐवज नाही. साऱ्या देशाने गृहीत धरलेल्या गोष्टीमागे सरकारी कागद नव्हता हे एका शाळकरी मुलीच्या अर्जातून समजले, कारण तिने मत न मागता प्रत मागितली. वर्गात हे उदाहरण सांगताना मी मुलांना एवढेच विचारते, की तिला 'नाही' असे उत्तर आले तर ती हरली की जिंकली? दोन्ही बाजूंनी हात वर होतात.

हा असा नेमका प्रश्न आपल्याकडे मोठ्यांनीही घडवत घडवत आणला आहे. राजस्थानात १९९४ च्या डिसेंबरपासून मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाया सुरू केल्या, तेव्हा लोकांसमोर सरकारी कामांवरच्या मजुरांचे हजेरीपट मोठ्याने वाचले जात. "भ्रष्टाचार झाला का?" असे कोणी विचारत नव्हते. नाव वाचायचे, तारीख वाचायची आणि त्या माणसाला विचारायचे, तू या दिवशी या कामावर होतास का? वाचलेल्या नावांत गाव सोडून गेलेले निघाले, मेलेलेही निघाले. महाराष्ट्रात २००७ पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांची लोकाधारित देखरेख सुरू झाली, तिथेही गावाच्या पत्रकात "दवाखाना कसा आहे?" नव्हते. नर्सताई गावात आल्या का, औषध बाहेरून आणायला सांगितले का, पैसे मागितले का, असे प्रश्न होते, आणि उत्तरांप्रमाणे हिरवा, पिवळा, लाल रंग भरायचा, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही तो कळावा.

सगळेच विषय मुलांचे नाहीत, हेही स्पष्ट सांगायला हवे. वाळू, जमिनीचे व्यवहार, मोठी बांधकामे यांच्यात हात घालणाऱ्यांचे काय होते ते महाराष्ट्राने पाहिले आहे. तळेगाव दाभाड्यात जानेवारी २०१० मध्ये सतीश शेट्टी यांचा खून झाला, ते जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढत होते. चौदा वर्षांच्या मुलाचे नाव अशा अर्जावर असता कामा नये. मुले हट्टाने असाच विषय निवडतात, कारण त्यात थरार असतो. तिथे शिक्षकाने सरळ नाही म्हणावे, आणि नाही का म्हटले तेही सांगावे. पाणी, पोषण आहार, शाळेतली स्वच्छतागृहे, गावातले दिवे, बसचे वेळापत्रक यांत वर्षभर पुरेल एवढे काम आहे. आणि अर्ज कोणताही असो, मुलाला एकट्याने कार्यालयात पाठवू नये.

राहिला प्रश्न वेळेचा. माहिती अधिकाऱ्याला उत्तर द्यायला तीस दिवस असतात. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला हव्यात आणि गावोगावी त्या बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. मुले मतदार नसल्यामुळे ग्रामसभेची सदस्य नसतात, म्हणून त्यांचा तक्ता कोणी तरी पालकाने किंवा सदस्याने मांडावा लागतो आणि त्या माणसाला आधी तयार करावे लागते. जानेवारीची सभा गाठायची तर अर्ज डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जायला हवा आणि बादल्यांचे मोजमाप दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच सुरू व्हायला हवे. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करता येते. तो अर्ज लिहायला वर्गाला फार वेळ लागत नाही, कारण मूळ प्रश्न दीडशे शब्दांत आणि एकाच कागदाबद्दल विचारलेला असतो.